राही मासूम रझांचं कपाट कोणतं? ग्रंथनिवड समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सदस्य, ग्रंथनिवड समिती,
महाराष्ट्रातली गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये

स.न.वि.वि.

मी तालुक्याच्या गावातल्या एका ग्रंथालयाची आजीव सभासद आहे. शाळेत हिंदी शिकवून निवृत्त झाले, आणि आता दुपारचा बराचसा वेळ वाचनकक्षाच्या खिडकीजवळच्या खुर्चीत जातो. ग्रंथालयाचं नाव लिहीत नाही. तक्रार एका ठिकाणची असली तरी पत्र तुम्हा सगळ्यांना आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे निर्लेखनाची यादी फलकावर लागली. फाटकी, वाळवी लागलेली, मागणी नसलेली पुस्तकं. अशी यादी मी नेहमी वाचते, रद्दीत जाण्याआधी एखादं वाचवता येतं म्हणून. तिसऱ्या पानावर एक ओळ होती : 'आधा गाँव. राही मासूम रझा. उर्दू. मागणी नाही.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचली.

उर्दूचं कपाट आमच्याकडे जिन्याखाली आहे. किल्ली सापडायला दोन दिवस गेले. आत जुनी अंकलिपी, एक शब्दकोश, कुणीतरी देणगी दिलेल्या मासिकांचे गठ्ठे, आणि त्यांच्यामध्ये दाबून बसलेली ही कादंबरी. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत देवनागरीत. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर एकच शिक्का होता, १९८९ चा. बहुधा त्या वर्षी रविवारी सकाळी टीव्हीवर 'महाभारत' मालिकेत लेखकाचं नाव वाचून कुणीतरी ती मागितली असावी. पुढे लेखकाचं नाव पाहून कुणीतरी ती उर्दूच्या कपाटात सरकवली आणि कुलूप लावलं. उर्दू वाचणाऱ्याला त्या कपाटात देवनागरी पुस्तक असेल असं वाटणार नाही, आणि हिंदी वाचणारा त्या कपाटाकडे फिरकणार नाही. मागणी येणार कुठून?

आमच्या ग्रंथपालांना मी दोष देत नाही. त्यांनी नाव पाहिलं, इतकंच. पण या लेखकाचं सगळं आयुष्य नेमकं याच गोष्टीशी भांडण्यात गेलं, म्हणून हे लांबलचक पत्र.

राही मासूम रझा उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौली गावचे. शिया सय्यद जमीनदारांचं घर. लहानपणीच्या आजारानं पाय अधू झाला, चालण्यातला तो लंगडेपणा शेवटपर्यंत राहिला. थोरले भाऊ मूनिस रझा भूगोलाचे नामांकित अभ्यासक, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. राही अलीगढला शिकले, तिथेच उर्दूचे प्राध्यापक झाले. पीएच.डी.साठी त्यांनी घेतलं 'तिलिस्मे होशरुबा', म्हणजे जादूगार, अय्यार (वेषांतर करणारे हेर) आणि मायावी नगऱ्यांनी भरलेली हजारो पानांची उर्दू दास्तान. लखनौच्या मुन्शी नवलकिशोरांच्या छापखान्यानं ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे छापायला घेतली होती. त्या मायाजालात राहींनी शोधलं काय, तर भारतीय संस्कृती.

त्याआधीची उमेदवारी फार कुणी सांगत नाही. अलाहाबादच्या लोकप्रिय उर्दू मासिकांसाठी त्यांनी टोपणनावानं रंजक कादंबऱ्या लिहिल्या. बाबूराव अर्नाळकरांना जपून ठेवणाऱ्या आपल्या ग्रंथालयांनी यावर नाक मुरडायचं कारण नाही. त्याच काळात कवी म्हणूनही नाव होत होतं, मुशायऱ्यांत बोलावणी येत होती. १९५७ साली, उठावाला शंभर वर्षं झाली तेव्हा, '१८५७' हे त्यांचं दीर्घकाव्य आलं.

म्हणजे चाळिशीच्या आसपासचा हा माणूस सरळसरळ उर्दूचा कवी, उर्दूचा पंडित, उर्दूचा शिक्षक. आणि १९६६ साली त्याची मोठी कादंबरी प्रसिद्ध झाली ती हिंदीत! लिहिली होती फारसी लिपीत, छापली गेली देवनागरीत. तिची भाषा तरी हिंदी म्हणावी का? गंगौलीची माणसं त्यात भोजपुरी मिसळलेली उर्दू बोलतात. घरातल्या बायका एक बोलतात, पुरुष बैठकीत दुसरं, आणि शिव्या सगळे मिळून एकाच भाषेत देतात.

उर्दूवाल्यांनी म्हटलं, हा हिंदीत गेला. हिंदीवाल्यांनी म्हटलं, हा उर्दूचा. राहींचं स्वतःचं म्हणणं असं, की लिपी म्हणजे भाषा नव्हे आणि उर्दू देवनागरीत लिहिली तर ती मरणार नाही. उर्दूच्या जगात हे ऐकून घेणं सोपं नव्हतं. आपल्याला मात्र ते समजायला जड जाऊ नये. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपली दप्तरं मोडीत होती. माझ्या आजोबांच्या हिशेबाच्या वह्या मला एक अक्षर वाचता येत नाहीत, म्हणून आजोबा मराठी नव्हते असं कुणी म्हणत नाही. आणि उर्दू-फारसीला वेगळ्या कपाटात कोंडायचंच असेल तर सुरुवात आपल्या नोंदवहीपासून करावी लागेल : दाखल, जमा, बाकी, अनामत, तारीख, शिक्का. 'रद्दी'सुद्धा तिकडूनच आली आहे.

आता 'आधा गाँव'कडे येते. निम्मं गाव का? राहींना गंगौलीतली सय्यदांची उत्तर पट्टी आणि दक्खिन पट्टी आतून माहीत होती, म्हणून त्यांनी तेवढीच लिहिली. न पाहिलेलं लिहायचं नाही, हा त्यांचा बाणा. मोहरमचे ताजिये, नौहे म्हणजे शोकगीतं, दोन पट्ट्यांची चढाओढ, लपवाछपवीची प्रेमं, जमिनीची भांडणं, आणि या सगळ्यावर हळूहळू पसरत जाणारी पाकिस्तान नावाची सावली. अलीगढची शिकलेली पोरं मुस्लिम लीगसाठी मतं मागायला येतात आणि गावकऱ्यांना समजेना की आपण गंगौलीतच राहणार असू तर पाकिस्तान झाल्यानं आपलं होणार काय. मग फाळणी होते, जमीनदारी जाते, आणि गाव एकाही दंगलीशिवाय आतून रिकामं होत जातं. फाळणीचं इतकं वाचलं, पण रक्ताचा थेंब न सांडता घर कसं ओस पडतं हे मला या पुस्तकानं दाखवलं.

पुस्तकाची भूमिका सुरुवातीला नाही. कादंबरी बरीच पुढे गेल्यावर लेखक मध्येच थांबतो आणि म्हणतो, आता भूमिका लिहायला हवी. मुसलमान इथले नाहीत असं म्हणणाऱ्यांना तिथे तो उत्तर देतो. वाद घालत नाही. एवढंच म्हणतो की मी गाझीपूरचा आहे, गंगौलीशी माझं नातं तुटणारं नाही. मी हे पान वर्गात वाचून दाखवत असे. अभ्यासक्रमात नव्हतं, तरीही.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगते. फुन्नन मियाँ नावाचा एक रगेल, लाठीबहाद्दर म्हातारा आहे. १९४२ च्या चळवळीत कासिमाबादच्या ठाण्यावर लोक चाल करून जातात, त्यात त्याचा तरुण मुलगा मुम्ताज गोळी लागून मरतो. पुढे स्वातंत्र्य येतं, तिथे हुतात्म्यांचा समारंभ होतो, मोठे नेते भाषणाला येतात. नेते ठाण्यावर मेलेल्या इतरांची नावं घेतात, गौरव करतात. गर्दीत म्हातारा वाट पाहतो. नाव येत नाही. मग तो उभा राहतो आणि आपल्या बोलीत म्हणतो, साहेब, इथे आमचाही एक पोरगा मारला गेला होता. त्याचं नाव तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. त्याचं नाव मुंताज. मुम्ताज नाही, मुंताज. बापाच्या तोंडी असतं तसं. बस्स, राहींनी यावर एक शब्दही भाष्य केलेलं नाही.

'आधा गाँव' आलं त्याच सुमाराला राहींनी गाझीपूरच्याच एका माणसाचं छोटं चरित्र लिहिलं : १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी रणगाडे फोडताना मारला गेलेला आणि परमवीरचक्र मिळालेला हवालदार अब्दुल हमीद. पुस्तकाचं नाव 'छोटे आदमी की बड़ी कहानी'. ही दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून बघा.

आता शिव्यांबद्दल, कारण समितीत कुणीतरी हा मुद्दा काढणारच. होय, 'आधा गाँव'मध्ये शिव्या आहेत, भरपूर आहेत. सत्तरच्या दशकात हिंदीचे समीक्षक नामवर सिंह यांनी जोधपूर विद्यापीठात ही कादंबरी अभ्यासाला लावली तेव्हा अश्लीलतेवरून गदारोळ झाला. राहींनी याला आपल्या प्रस्तावनांतून उत्तर दिलं आहे. 'ओस की बूँद'मध्ये ते सांगतात की वडीलधारे म्हणतात, शिव्या नसत्या तर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला असता. पण माझी पात्रं गीता बोलली तर मी श्लोक लिहीन आणि शिव्या देऊ लागली तर शिव्या लिहीन. त्याआधी १९६९ च्या 'टोपी शुक्ला'मध्ये तर कमालच केली. म्हणाले, या कादंबरीत एकही शिवी नाही, पण कदाचित ही सबंध कादंबरीच एक घाणेरडी शिवी आहे. १९७२ चा 'गोलपिठा' आपण मराठी कवितेच्या फळीवर मानानं ठेवतो. मग गंगौलीच्या म्हाताऱ्यांनीच आपलं काय घोडं मारलंय?

'टोपी शुक्ला' तुमच्या गावातल्या मुलांनी कदाचित तुमच्याआधी वाचलेली असेल. सीबीएसईच्या दहावीच्या 'संचयन' या हिंदी पुस्तकात तिचा एक भाग आहे. माझी नात गेल्या वर्षी तो परीक्षेपुरता पाठ करत होती : 'टोपी आणि इफ्फन यांच्या मैत्रीचे स्वरूप स्पष्ट करा, गुण तीन.' मी म्हटलं, आधी जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग मोठ्यानं वाच.

टोपी म्हणजे बलभद्र नारायण शुक्ला, एका हिंदू डॉक्टरचा दुर्लक्षित मुलगा. त्याचा जिवलग मित्र इफ्फन. इफ्फनच्या घरी टोपीचा जीव जडलाय त्याच्या दादीवर, कारण ती त्याच्या आईसारखी पूरबी बोलते. तर एक दिवस आपल्या घरी जेवताना टोपीला वांग्याचं भरीत आवडतं आणि तो आईला सहज म्हणतो, 'अम्मी, जरा बैंगन का भुर्ता.' अम्मी! टेबलावरचे सगळे हात थांबतात. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. आजी सुभद्रादेवी कडाडते, हा 'लफ्ज' कुठे शिकलास? टोपी डोळे फिरवत विचारतो, लफ्ज काय असतं?

माझी नात इथे फिसकन हसली. आजी ज्या भाषेवर संतापली आहे त्याच भाषेत संतापली आहे, हे तिला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. टोपीला पुढे बेदम मार बसतो. दादी वारते तेव्हा तो इफ्फनला म्हणतो, तुझ्या दादीऐवजी आमची मेली असती तर बरं झालं असतं. मग इफ्फनच्या वडिलांची बदली होते, आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी टोपी शपथ घेतो की ज्याच्या बापाची बदली होते अशा मुलाशी पुन्हा मैत्री करायची नाही. नातीनं विचारलं, पुढे काय होतं? पाठ्यपुस्तकात कादंबरीचा एक भागच होता. बाकीची कादंबरी मागायला ती तुमच्यासारख्याच एका ग्रंथालयात गेली आणि रिकाम्या हातानं परत आली.

साठच्या दशकाच्या अखेरीला राही अलीगढ सोडून मुंबईला आले. सिनेमाचं सगळं सांगत बसत नाही, यादी फार लांब आहे. 'मिली', 'गोलमाल', 'कर्ज', 'लम्हे' यांचे संवाद त्यांचे. 'मैं तुलसी तेरे आँगन की'साठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. 'गोलमाल'मधली भवानीशंकरची मिशीवरची व्याख्यानं आपल्याकडे घराघरांत पाठ आहेत, पण ती लिहिणारा गंगौलीचा सय्यद होता हे पाठ करणाऱ्यांच्या गावी नसतं. याच धंद्यावर त्यांनी १९७७ साली 'सीन ७५' लिहिली. बनारसहून मुंबईत आलेला अली अमजद नावाचा लेखक पंचाहत्तराव्या दृश्यावर अडून बसलाय, आणि भोवती सिनेसृष्टीच्या थापा, उसनवाऱ्या, घरांच्या विवंचना. मुंबईवरच्या कादंबऱ्यांची फळी असेल तर ही तिथे हवीच. पुढच्याच वर्षी आलेली 'कटरा बी आर्ज़ू' अलाहाबादच्या एका मोहल्ल्यातली आणीबाणी दाखवते. ही दोन पुस्तकं पातळ आहेत, महागही नाहीत.

आणि 'महाभारत'. २ ऑक्टोबर १९८८ पासून जून १९९० पर्यंत, ९४ भाग. आमच्या आळीत तीन टीव्ही होते आणि रविवारी सकाळी तिन्ही घरांसमोर चपलांचा ढीग. पटकथा-संवाद राहींचे, सल्लागार पंडित नरेंद्र शर्मा, ते मालिका चालू असतानाच वारले. कृष्ण आपला मराठी, नितीश भारद्वाज. एका मुसलमानानं महाभारत लिहावं यावर आक्षेप घेणारी पत्रं निर्मात्यांकडे गेली होती. असं सांगतात की राही आधी नाही म्हणत होते, ती पत्रं वाचल्यावर हो म्हणाले. 'पिताश्री', 'भ्राताश्री' हे शब्द त्यांनी 'अब्बाजान', 'भाईजान' यांच्या चालीवर पाडले असंही सांगतात. तेव्हा आमच्या वर्गातली पोरं मुख्याध्यापकांना मागून 'पिताश्री' म्हणत असत. आपण कोणत्या साच्यातला शब्द वापरतोय याची त्यांना काय कल्पना!

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. मालिका सुरू व्हायची ती 'मैं समय हूँ' या आवाजानं. 'आधा गाँव' उघडा. तिथे राही सांगतात की ही कहाणी धार्मिक नाही, राजकीयही नाही, कारण काळ धार्मिकही नसतो आणि राजकीयही नसतो. ही गंगौलीतून जाणाऱ्या काळाची कहाणी आहे. म्हणजे हस्तिनापुरात बोलणारा तो समय वीस-बावीस वर्षं आधी गंगौलीच्या पांदीतून चालत गेला होता. मला हे उशिरा लक्षात आलं. पुस्तक कुलपात असल्यामुळे अर्थातच.

मागणं थोडकं आहे. तुमच्या कपाटांची एकदा फेरतपासणी करा. राहींचं पुस्तक नावावरून उर्दूत पडलेलं असेल तर बाहेर काढा. नसेल तर येत्या खरेदीत 'आधा गाँव', 'टोपी शुक्ला' आणि 'सीन ७५' घ्या. शिव्यांसाठी पहिल्या पानावर इशारा चिकटवायचा असेल तर खुशाल चिकटवा, त्यानं मागणी वाढते असा माझा शाळेतला अनुभव आहे. निर्लेखनाच्या यादीत 'मागणी नाही' लिहिण्याआधी ते पुस्तक कुणाच्या नजरेला पडत होतं का, हे एकदा विचारा.

राही १५ मार्च १९९२ ला मुंबईत गेले. 'वसीयत' नावाची त्यांची कविता आहे. मला गाझीपूरला नेऊन गंगेच्या कुशीत निजवा, असं तिच्यात म्हटलं आहे. पण मरण दूरच्या शहरात आलं, तर तिथे एखादी लहानशी नदी वाहत असेल तिच्या कुशीत ठेवा, आणि तिला सांगा की हा गंगेचा मुलगा आजपासून तुझ्या स्वाधीन. मुंबईत अशी लहान नदी म्हणजे मिठी. माहीमच्या खाडीजवळून लोकल जाते तेव्हा डबा नाकाला रुमाल लावतो. मीही लावते, आणि दर वेळी ही कविता आठवते.

आमच्या ग्रंथालयानं 'आधा गाँव' यादीतून काढलं आहे. उरलेली दोन मी पेन्शनमधून आणली, खाकी कव्हर घालून ठेवली आहेत. शनिवारी देवघेव सुरू झाली की घेऊन येते. दाखल नोंदवहीतला भाषेचा रकाना तेवढा पेन्सिलनं भरा.

आपली,
एक आजीव सभासद